आण्णांची शहाऐंशीची कॉन्टेसा : पंधराशेच ठेवू की अठराशे बसवू?

आण्णांची_लेक

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण गाडीची हकीकत कळल्याशिवाय नेमका सल्ला कोण देणार, म्हणून सगळंच लिहिते.

गाडी हिंदुस्थान कॉन्टेसा, १९८६ची. इंजिन मूळचं पंधराशे सीसी पेट्रोल, म्हणजे ॲम्बेसेडरचंच. चार गिअर. आण्णांनी १९९१ साली कोल्हापुरातच सेकंडहँड घेतली. २००९पासून ती घरामागच्या शेडमध्ये उभी होती, मागच्या दिवाळीनंतर मी ढकलून बाहेर काढली. पत्र्याचं काम जवळजवळ झालंय. चारही चाकांच्या कमानी, डिकीचा तळ आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा नवा घातला. मूळ रंग कोणता यावर घरात एकमत नव्हतं. डॅशबोर्ड उतरवला तेव्हा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथे तळहाताएवढा पत्रा जसाच्या तसा सापडला. फिक्कट हस्तिदंती. तोच जुळवून घेतला.

आता इंजिन. मिस्त्रींनी आठ दिवस सिलिंडरमध्ये तेल सोडून ठेवलं, हाताने फिरवलं, मगच सेल्फ मारला. सुरू झालं. पण निळा धूर येतो आणि गल्लीतल्या चढावरसुद्धा लोड घेत नाही.

आमचं गाव देवरुखच्या बाजूला. दर गणपतीला पाच माणसं, डिकीत सामान, आणि परतताना साखरप्यापासून आंबा घाट. लहानपणी त्या घाटातलं माझं एक ठरलेलं काम होतं. अर्ध्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडायची, आण्णा बॉनेट उघडायचे आणि मी ओला पंचा पेट्रोल पंपावर धरून उभी राहायची. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू. हे प्रत्येक वर्षी. मला आण्णांना एकदा त्या घाटातून न थांबता वर आणायचंय. ते आता ८१ वर्षांचे आहेत.

तीन गॅरेजांत विचारलं, तीन सल्ले मिळाले. एक म्हणतात हेच इंजिन बोअर करा, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून साफ करा. दुसरे म्हणतात कॉन्टेसा क्लासिकचं, म्हणजे नंतरच्या मॉडेलचं, इसुझू या जपानी कंपनीचं अठराशे सीसीचं इंजिन शोधा, मिरजेजवळ एक गाडी भंगारात निघतेय. तिसरे म्हणतात डिझेल टाका, खर्च वाचेल. भाच्याने सहा सिलिंडरच्या जपानी इंजिनाचा व्हिडिओ पाठवलाय, तो वेगळाच.

आण्णांनी एकच विचारलं, "आवाज तोच राहील ना?"

काय करू?

घाटमाथा

ताई, माझ्याकडे पुण्यात १९९३ची क्लासिक आहे, कारखान्यातूनच अठराशे आलेली. म्हणून माझं मत सरळ आहे. या अंगाच्या गाडीला अठराशेच शोभतं. १८१७ सीसी, ८८ अश्वशक्ती, पाच गिअर. पंधराशेच्या जवळजवळ पावणेदोनपट ताकद. कात्रजच्या जुन्या घाटात मी तिसऱ्या गिअरवर बोलत बोलत चढतो.

पण घ्यायचं असेल तर नुसतं इंजिन घेऊ नका, हात जोडून सांगतो. माझ्या मित्राने घेतलं. मग गिअरबॉक्स वेगळा शोधला, मग प्रॉपेलर शाफ्टची लांबी जुळेना, मग फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते, ब्रॅकेट वेल्डिंग करून बनवले, मग सायलेन्सरचा पाइप, मग स्पीडोमीटरची केबल. आठ महिने गाडी घोडीवर होती. मिरजेची गाडी अख्खी उभी असेल तर अख्खीच घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, शाफ्ट, खालचा क्रॉस मेंबर, रेडिएटर, वायरिंग, सगळं त्याच गाडीतून उचला आणि काम झाल्यावर उरलेली भंगारात द्या. आणि हेड उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हे इंजिन गरम करून चालवलेलं असेल तर हेड वाकलेलं निघतं.

उद्यमनगरी

ताई, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग केलं. आता मुलगा बघतो. घाटमाथा म्हणतात ते खोटं नाही, अठराशे चांगलं इंजिन आहे. पण तुम्ही अजून एक गोष्ट केलेली नाही. आहे ते इंजिन किती मेलंय, ते मोजलेलं नाही. दुखणं कळायच्या आधी अवयव बदलायला निघालात.

आधी हिशोब बघा. कॉन्टेसा रिकामी साधारण बाराशे किलो. पाच माणसं आणि सामान धरून सोळाशे. बारा फुटांना एक फूट असा चढ धरला, तर ताशी ४०ने चढायला चाकांपाशी सुमारे २३ अश्वशक्ती लागते. ६०ने चढायचं म्हटलं तर ३७च्या घरात. पंधराशेचं इंजिन धडधाकट असताना ५०च्या आसपास देतं. गिअरबॉक्स आणि मागच्या धुऱ्यात थोडी जाते, चाकांपाशी ४० उरते असं धरा. म्हणजे पाच माणसं घेऊन घाटात चाळीसने चढायला हे इंजिन पुरतं. साठने चढायला नाही पुरत, तिथे अठराशे लागेल. तुम्हाला घाट न थांबता चढायचाय, की लवकर चढायचाय? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींचा खर्च वेगळा आहे.

आता तुमच्या ओल्या पंच्याबद्दल. ते लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण तो ताकदीचा दोष नव्हताच. या इंजिनाचं इनटेक आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला. कार्बोरेटर बसतो तापलेल्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळांच्या, डोक्यावर. घाटात वेग कमी, वारा कमी, बॉनेटखाली भट्टी. पेट्रोल पाइपातच उकळतं, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंचा धरला की वाफ पुन्हा पेट्रोल होते. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, त्यामुळे हा त्रास कमी होणार नाही, वाढेल. अठराशे बसवलंत तरी पेट्रोलचा पाइप तापल्या जागेजवळून नेलात तर पंचा पुन्हा लागेल.

तेव्हा आधी कॉम्प्रेशन बघा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, बॅटरी भरलेली असू द्या. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सहा-सात फेरे होईपर्यंत सेल्फ मारा आणि आकडा लिहा. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा तेच. आठही आकडे इथे टाका.

सातारी

डिझेलबद्दल अनुभवाचं सांगतो. माझ्या चुलत्यांच्या ॲम्बेसेडरमध्ये एका गॅरेजने मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून दिलं होतं. मायलेज वाढलं, हे खरं. पण पुढचं टोक बसलं, स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागायचं, आणि गाडी उभी असताना आरसा इतका थरथरायचा की मागचं काही दिसायचं नाही. फाउंडेशन ज्या पत्र्याला वेल्ड केलं होतं तो पत्रा दीड वर्षात तडकला. कॉन्टेसात कंपनीने स्वतः इसुझूचं १९९५ सीसी डिझेल दिलं होतं, ते अंगाला बसतं. पण टर्बो नसेल तर त्याची ताकद पंधराशे पेट्रोलच्याच आसपास. इतका खर्च करून घाटात तिथेच राहाल. आण्णांच्या आवाजाचा प्रश्न तर डिझेलने निकालातच निघतो.

आण्णांची_लेक

उद्यमनगरी काका, आज सकाळी मिस्त्रींना घेऊन केलं. आकडे पौंडात, पुढून मागे.

कोरडे : १०५, ७०, ७०, १००.
तेल घालून : १२५, ७०, ७५, १२०.

मधले दोघे तेल घालूनही हलले नाहीत. मिस्त्री म्हणाले, "बघा, चारही गेलेत." मला तसं वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही.

उद्यमनगरी

तुम्हाला बरोबर वाटलं. चारही गेलेले नाहीत. दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिला आणि चौथा तेल घातल्यावर वीस-वीस पौंडांनी उठले. म्हणजे हवा रिंगांतून खाली जातेय. बोअर झिजलाय, निळा धूर त्याचाच. हे वय आहे. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले की जाईल.

दुसरा आणि तिसरा शेजारी-शेजारी, दोघे सारखेच पडलेले, तेलाने उठत नाहीत. म्हणजे हवा वरून जातेय. बहुतेक दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हेड गॅस्केट जळलंय. या हेडला चार सिलिंडरना तीनच एक्झॉस्टची भोकं असतात. मधल्या दोघांचा जाळ एकाच भोकातून बाहेर पडतो, त्यामुळे सगळ्यात जास्त तापतं ते तिथेच. त्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटही, म्हणजे व्हॉल्व बंद होताना जिथे टेकतो त्या कडा, बघा, त्या खोल गेल्या असतील. हे हेड शिश्याच्या पेट्रोलच्या काळातलं. शिसं व्हॉल्वच्या सीटला जपत होतं. २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिश्याचं पेट्रोल आलं, आणि तुमची गाडी त्यानंतरही नऊ वर्षं तशीच पळाली. आता हेड उघडाल तेव्हा एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. हा खर्च टाळू नका.

बोअर मोठा केला की ताकद वाढेल, असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ८८.९. साठ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काढलात तरी १४८९चे १५५२ सीसी होतात. त्रेसष्ट सीसीने घाट सपाट होत नाही. बोअर साफ होण्यापुरताच काढा. वीस थाऊत होत असेल तर वीस. पुढच्या खेपेला धातू शिल्लक राहू दे. ताकद परत येईल ती कॉम्प्रेशन परत आल्याने, वाढीव सीसीने नव्हे.

आणि क्रँकला तीनच मेन बेअरिंग आहेत, लांब स्ट्रोक आहे. या इंजिनाला पळवायचं नसतं, ओढू द्यायचं असतं.

आता मागचा धुरा. कुठला रेशो आहे, म्हणजे शाफ्टचे किती फेरे झाले की चाकांचा एक फेरा होतो, ते मोजा, गॅरेजवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका. गाडी न्यूट्रलला, एक मागचं चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड लावा. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ ओढा, टायरवर एक. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. तो आकडा म्हणजे रेशो. दोन फेरे एवढ्यासाठी, की एकच चाक फिरतं तेव्हा डिफरन्शियलमधून हिशोब निम्मा होतो.

आण्णांची_लेक

मोजला. मी चाक फिरवलं आणि आण्णा खाली सतरंजीवर बसून शाफ्टकडे टॉर्च धरून मोजत होते. साडेचारच्या किंचित पुढे.

उद्यमनगरी

मग घाटासाठी हा धुरा उत्तम आहे, हात लावू नका. टायरचा एक फेरा १.९ मीटर धरला तर चौथ्या गिअरवर ताशी ८०ला इंजिन साधारण ३,१५० फेरे मारतं. कोल्हापूर-पुणे हायवेवर हिला ऐंशीच्या वर नेऊ नका, म्हणजे क्रँक खूश राहील. ज्यांना शंभरने जायचंय त्यांनी अठराशे आणि पाचवा गिअर घ्यावा, त्यांच्यासाठी तेच योग्य.

कागदपत्री

सगळे नटबोल्टांत गुंतलेत म्हणून कागदांचं मी लिहितो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. नोंदणी पुस्तकात जे लिहिलंय त्याला बाध येईल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. पंधराशेच्या जागी अठराशे म्हणजे सीसी बदलली, इंजिन नंबर बदलला. आधी आरटीओत लेखी विचारा, मग इंजिन विकत घ्या, उलट करू नका. मिरजेच्या गाडीचं आरसी, मालकाचं पत्र आणि रीतसर बिल हातात नसेल तर ते इंजिन फुकट मिळालं तरी नको. नोंद नसलेल्या इंजिनावर अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवेल. तुमची गाडी २००९पासून उभी आहे, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरणही राहिलं असणार. निरीक्षक चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही बघतात. मूळ इंजिन असेल तर ते काम सरळ होतं.

अजून एक. केंद्राने २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पुरी झालेली खासगी गाडी, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली असेल, तर तिला वेगळी व्हीए मालिकेची नोंदणी मिळते. तुमची १९८६ची, म्हणजे २०३६. फार लांब नाही. आज इंजिन बदललंत तर ते दार बंद होईल. बदलायचंच ठरलं तर जुनं इंजिन भंगारात घालू नका, ग्रीस लावून, प्लगची भोकं बंद करून झाकून ठेवा.

दूरदेशी

मी मूळचा सांगलीचा, आता इंग्लंडमध्ये. कॉन्टेसा ज्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सवरून आली ती इथे १७५९ आणि २२७९ सीसीत विकली जायची, आणि तिच्याच अंगाच्या व्हेंटोरामध्ये ३२९४ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. पंधराशे तिच्यात कधी नव्हतंच. तिला पंधराशेवर ढकललं ते आपल्याकडे. त्यामुळे अठराशे घालणं म्हणजे गाडीशी प्रतारणा, असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. भाच्याला मात्र सांगा, बॉनेटखाली सहा सिलिंडर मावतात म्हणून ते घालावेत असं नाही. ब्रेक, गिअरबॉक्स, धुरा, रेडिएटर हे सगळं त्या मापाने बदलावं लागेल आणि शेवटी आण्णांच्या गाडीचा नुसता पत्रा तेवढा उरेल.

आण्णांची_लेक

चार महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

आम्ही पंधराशेच ठेवलं. मिरजेच्या गाडीला मी जाऊन आले, अख्खी होती, कागदही होते, आणि खरं सांगायचं तर दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी काकांच्या एका वाक्याने ठरलं, न थांबता की लवकर. आम्हाला लवकर नको होतं.

हेड उचललं तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट जळून काळी रेघ पडली होती. काकांनी न बघता सांगितलेलं तंतोतंत. मधल्या दोन्ही एक्झॉस्टच्या सीट खोल गेलेल्या. ब्लॉकच्या बाजूची वेल्च प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटेचं पत्र्याचं झाकण, काढली तर पाण्याच्या वाटेत चौथ्या सिलिंडरपाशी गंज आणि गाळ असा थापला होता की स्क्रूड्रायव्हर आत जात नव्हता. परातभर निघाला. इतकी वर्षं आम्ही रेडिएटरला दोष देत होतो.

बोअर वीस थाऊत साफ झाला नाही, चाळीसवर गेला. कडक सीट बसवल्या, हेड फेस केलं, म्हणजे घासून सपाट केलं, क्रँक ग्राइंड केला, बेअरिंग नवी. रेडिएटरला नवा कोअर. कार्बोरेटरखाली बेकलाइटचा जाड तुकडा आणि मॅनिफोल्डच्या वर ॲल्युमिनियमचा पत्रा आडवा घातला. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांबून फिरवला, इथेनॉल सोसणारा रबरी पाइप वापरला. टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला, जुना पंप जागेवरच ठेवलाय. सगळे मिळून अठराशेच्या नुसत्या इंजिन-गिअरबॉक्सला जेवढे सांगितले होते त्याहून कमी लागले. उरलेल्यात ब्रेकचं सगळं नवं केलं, मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचे पाइपसुद्धा. इंजिनाच्या नादात ते मागे पडलं होतं.

हजार किलोमीटर सावकाश चालवून, ऑइल बदलून, मागच्या रविवारी गेलो. चौघं होतो, पाचव्याच्या जागी तांदळाची पोती ठेवली, वजन बरोबर यावं म्हणून. साखरप्यात चहा घेतला आणि निघालो. बहुतेक घाट दुसऱ्यावर, मधल्या थोड्या सपाटीला तिसरा, ताशी ३५ ते ४०. पाण्याचा काटा अर्ध्याच्या जरा वर गेला आणि तिथेच राहिला. आम्ही जिथे दरवर्षी थांबायचो ते वळण आलं तेव्हा आण्णांनी खिडकीवर हात ठेवला, काही बोलले नाहीत. वर आंब्याला पोचल्यावर म्हणाले, "टॅपेट जरा जास्त वाजतायत. गार झाली की बघू." घरी आल्यावर फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, लावला. चौथ्याचा एक्झॉस्ट खरंच सैल होता.

नूतनीकरणाचं काम चालू आहे, इंजिन नंबर मूळचाच असल्याने तपासणीत अडचण आली नाही.

घाटमाथा, मिरजेची ती क्लासिक अजून तिथेच उभी आहे. ज्यांच्या गाडीत मूळचं अठराशेच आहे आणि भाग हवेत, त्यांनी इथे निरोप टाका, मालकांशी गाठ घालून देते. हेड मात्र उघडून बघा.